जोती पैलवानाची पॅसेंजर

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर पाट करकरला की मी दौत-टाक घेऊनच बाहेर यायचो. जोती पैलवान मांडी घालून बसलेला असायचा. त्या पाटावर एरवी दोन माणसं बसत. पैलवान बसला की पाट दिसतच नसे.

"मास्तर, घ्या कागुद. लिवा. तुमाला लाज वाटती का?"

हे मला उद्देशून नसायचं. रेल्वे कंपनीच्या बड्या साहेबाला जायच्या अर्जाची ती सुरुवात. मी इंग्रजीत लिहायचो, 'सेवेशी सविनय सादर.' पैलवानाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण संशय भारी.

"लिवलं का लाजंचं?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

मग मी कागदावर बोट फिरवत मराठीत मोठ्यानं म्हणायचो, "तुम्हांला लाज वाटते का?" पैलवानाचा चेहरा उजळायचा. "हां. आता म्होरं लिवा, हळदीला गाडी हाय आन् मानसाला न्हाई, ह्याला काय न्याव म्हनायचा?" त्याचंही मी काहीतरी गुळगुळीत करून टाकायचो आणि खाली त्याचा अंगठा घ्यायचो. अंगठा एवढा मोठा की माझ्या सहीला जागा उरत नसे. हे पाप मी दोन वर्षं केलं.

त्याचं चुकत होतं असं मात्र नाही. दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या एकाएकी बंद झाल्या. कोळसा नाही, डबे लष्कराला लागतात, असं सांगण्यात आलं. लढाई म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण त्याच रुळांवरून मालगाडी सकाळ-संध्याकाळ चालू राहिली. सांगलीची हळद आणि गूळ डौलात मालडब्यांत, वाघिणींत बसून मिरजेला जायचे, आणि सांगलीची माणसं त्यांच्याकडे बघत सडकेनं धूळ खात जायची. बाळंतिणी, म्हातारी माणसं, दवाखान्याला निघालेले आजारी, सगळे बैलगाडीत नाहीतर मोटारीत.

मोटार म्हणजे तरी काय. पेट्रोल मिळेना म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. जरा चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. पैलवान एकदाच त्या मोटारीत बसला. वाटेत ती थांबली, तेव्हा बाकीच्यांनी नुसते हात लावले आणि पैलवानानं ती एकट्यानं चढावर नेली. वर गेल्यावर कंडक्टर त्याला म्हणाला, "पैलवान, तुम्ही दोघांची जागा अडवलीय. दुसरं तिकीट घ्या."

पैलवान तिथंच उतरला. "ढकलाय एक मानूस धरला आन् बसाय दोन," एवढं म्हणून तो चालू लागला. त्यानंतर त्यानं मोटारीत पाय ठेवला नाही.

हा माणूस मूळचा म्हसवडकडचा. मिसरूड फुटायच्या आत कुस्तीसाठी सांगलीच्या तालमीत आला आणि इथंच राहिला. जवानीत त्यानं मैदानं गाजवली होती असं जुने लोक सांगत, पण तो स्वतः कुस्तीचा विषय काढत नसे. कोणी काढला तर म्हशींचा विषय काढायचा. पन्नाशी ओलांडल्यावर गुडघे धरले होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पाच म्हशी, गल्लीत दुधाचे रतीब आणि रविवारचा अर्ज, एवढा त्याचा संसार.

आणि शुक्रवार. शुक्रवारी दूध घालून झालं की तो कासंडीभर दूध आणि एक गाठोडं घेऊन मिरजेला जायचा. गाड्या होत्या तेव्हा गाडीनं. गाड्या गेल्यावर रुळांच्या कडेनं पायी. जायचे अडीच-तीन कोस आणि यायचे तेवढेच. दिवेलागणीला परतायचा तेव्हा गुडघे हातानं उचलून पायरी चढावी लागे. मिरजेत काय आहे हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, म्हणून गल्लीनं आपल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं. आमच्या शेजारच्या काकू तर त्या बाईचं नाकडोळ्यांसकट वर्णन करायच्या.

लढाई संपली. लोकांना वाटलं, आता गाडी येणार. पैलवानानं त्या रविवारी अर्ज लिहायलाच नको म्हटलं. "आता लाज वाटंल त्यांची त्यास्नी." महिना गेला, दोन गेले, पावसाळा गेला. गाडी आली नाही. अर्ज पुन्हा सुरू झाले, आणि आता उत्तरंही यायला लागली. पहिल्या उत्तरात लिहिलं होतं की या प्रश्नाकडे लक्ष पुरवण्यात येत आहे.

"लक्ष कशाला पुरवत्यात?" पैलवान म्हणाला. "डब्बं पुरवा म्हनावं."

पुढच्या पत्रात डबे दुरुस्तीला गेले होते. त्याच्या पुढच्या पत्रात डबे दुरुस्त झाले होते पण इंजिन दुसरीकडे गुंतलं होतं. मग एक योजना तयार झाली. मग ती योजना वर गेली. पैलवान रोज दूध घालताना मला विचारायचा, "आली का खाली?" मी म्हणायचो, नाही. "वर काय करती ती? अंडी घालती का?"

गावात सभा झाल्या, व्यापाऱ्यांनी ठराव केले, वकिलांनी भाषणं केली. पण व्यापाऱ्यांचा माल जात होता आणि वकिलांकडे सायकली होत्या. महिन्याभरानं सगळे थंड झाले. तापलेला राहिला तो एकटा पैलवान, आणि त्याच्यामुळं मी.

अशात एकदा कंपनीचे एक अधिकारी पाहणीला आले. कशानं आले? गाडीनं. त्यांच्यासाठी इंजिनाला एक चकचकीत डबा जोडला होता. आत गादी, पंखा, आचारी. एका माणसाला एक डबा. स्टेशनवर हार घेऊन मंडळी उभी होती, मागं मी आणि पैलवान. डबा बघून पैलवानाच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी त्याचा दंड धरला. म्हणजे हात ठेवला. तो दंड माझ्या मुठीत येणं शक्य नव्हतं.

अधिकारी मराठीच होते, बोलायला गोड. कोणीतरी पैलवानाला पुढं ढकलून म्हणालं, "साहेब, हेच ते जोतीराम. दर आठवड्याला अर्ज करतात."

साहेबांनी हसून हात जोडले. "आपले सगळे अर्ज मी वाचतो. फार नम्र भाषा असते. आमच्या कचेरीत तर नवीन कारकुनांना नमुना म्हणून दाखवतात."

पैलवानानं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फलाटावरच्या फरशा मोजू लागलो.

पण तो साहेबांवर ओरडला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, रोजची गाडी ऱ्हाऊ द्या तुमची वर. मला एक दिस एक डब्बा द्या. मिरजंपास्नं सांगलीला. फडाच्या दिशी."

"एका दिवसाचं काय काम आहे?"

पैलवानानं त्या चकचकीत डब्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "योजना मंजूर होईलच लवकर," आणि हार घालून घ्यायला पुढं गेले.

घरी येताना पैलवान गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "मास्तर, दोन वर्सं तुमी माझी लाज झाकली का त्यांची?"

पुढच्या रविवारी तो आला नाही. दूध घालायचा, पण भांडं दारात ठेवून जायचा.

मला चैन पडेना. तेवढ्यात मालधक्क्यावरच्या कारकुनानं मला गाठलं. "अहो मास्तर, तुमच्या पैलवानाला आवरा. माणूस माल म्हणून बुक करा म्हणतोय."

झालं होतं ते असं. पैलवान मालधक्क्यावर गेला आणि त्यानं विचारलं, मिरजेहून सांगलीला एक माणूस वाघिणीतून आणायचा तर किती पडेल? कारकून म्हणाला, माणूस मालात बसत नाही. पैलवान म्हणाला, म्हैस बसते? कारकून म्हणाला, म्हैस बसते आणि तिच्यासोबत एक राखणदारही बसतो. पैलवानानं विचार केला आणि म्हणाला, मग एक म्हैस आणि एक राखणदार लिहा. राखणदार आडवा पडून येईल.

"आता सांगा," कारकून म्हणाला, "झोपलेला राखणदार म्हशीची काय राखण करणार? मी नाही म्हटलं, तर मला म्हणतो, तुमाला हळकुंडं प्वॉटची हायत आन् मानसं सावत्र."

मी तसाच पैलवानाच्या गोठ्यात गेलो. तो म्हशीची पाठ घासत होता. "पैलवान, माझं चुकलं," मी म्हणालो. "पण हा आडवा माणूस कोण आहे ते सांगा."

त्यानं पाण्याची बादली खाली ठेवली. "शुक्कीरवारी चला. पायतान दनकट घाला."

शुक्रवारी आम्ही रुळांच्या कडेकडेनं निघालो. तो रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकत चालत होता आणि दर फर्लांगाला गुडघा चोळायला थांबत होता. मिरजेत एका बोळात तंबोरे बनवणाऱ्याचं दुकान होतं. बाहेर मोठाले भोपळे वाळत घातलेले, आत लाकडाचा आणि लाखेचा वास. मागच्या खोलीत खाटेवर एक माणूस उताणा पडला होता. छाती रुंद, खांदे अजून भरलेले, आणि कमरेखाली पाय दोन काठ्यांसारखे. तो पडल्या पडल्या एका भोपळ्याला पॉलिश करत होता.

"हा कोन धरून आनलास रं?" तो म्हणाला.

"मास्तर हायत. अर्ज लिवत्यात."

"मग अजून गाडी का न्हाई आली?"

दुकान त्याच्या भावाचं. याचं नाव बाबालाल. शुक्रवारी भाऊ नमाजाला जाण्याआधी पैलवान तिथं पोचायचा. त्यानं गाठोडं सोडलं: तेल, धुतलेली लुंगी, पंचा. मग त्या दोन काठ्यांसारख्या पायांना तेल लावून तो असा चोळत राहिला की जणू उद्या त्यांना मैदानात उतरायचं आहे. लहान मुलाला घ्यावं तसं उचलून त्यानं बाबालालला न्हाणीत नेलं, आंघोळ घातली, दाढी केली. दूध पाजलं. एवढा वेळ दोघं एकमेकांना शिव्या देत होते.

परत निघताना मी विचारलं, "हा तुमचा कोण?"

"माझा जोड," पैलवान म्हणाला. कुस्तीत ज्याच्याशी लढत ठरते त्याला जोड म्हणतात.

"आणि हे असं कशानं झालं?"

"माझ्यानं."

चालता चालता त्यानं पुढचं सांगितलं. सांगलीच्या फडात, म्हणजे कुस्त्यांच्या मैदानात, दोघांची कुस्ती होती. बरोबरीची. पाऊण तास कोणी हटेना. मग पैलवानानं बाबालालला उचलला आणि टाकला. डाव खरा होता, पंचांनी खरा धरला, लोकांनी फेटे उडवले. खाली पडलेला मात्र उठला नाही. पैलवान त्यानंतर पुन्हा आखाड्यात उतरला नाही. पुढल्या शुक्रवारी मिरजेला गेला, आणि जातच राहिला.

"एकोनीस वर्सं त्यो आढ्याकडं बघत पडलाय मास्तर. कवाच काय मागितलं न्हाई. औंदा म्हनला, जोत्या, मला एकदा फड बघायचाय. बैलगाडीत घातला, तर मिरजंची येस वलांडायच्या आत बेसुद पडला. मोटारीत त्याला कोन आडवा घील? रुळावर तेवढं अंग हलत न्हाई. पयल्या गाडीची बाकडी मला ठावं हायत. एका बाकड्यावर त्यो नीट मावला असता."

मला त्या योजनेची, त्या गोड बोलणाऱ्या साहेबांची आणि माझ्या नम्र इंग्रजीची एकदम शिसारी आली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी स्वतःच्या नावानं कंपनीला पत्र लिहिलं. सुरुवात पैलवानाचीच ठेवली. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

फड चार दिवसांवर आला. रूळ तपासणाऱ्या गँगचा मुकादम पैलवानाच्याच तालमीतला. रुळांवरून ढकलत न्यायची चार चाकांची ट्रॉली त्याच्या ताब्यात असे. वरच्या साहेबांनी बाकावर बसायचं, डोक्यावर छत्री लावायची आणि माणसांनी मागून ढकलायचं. मुकादम म्हणाला, "दुपारी दोन मालगाड्यांच्या मधी लाइन मोकळी आसती. मिरजंत बोलनं केलंय. माझी नोकरी गेली तर म्हशी राखाय ठेव म्हंजे झालं."

आमच्या स्टेशनमास्तरांच्या कानावर घालणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलावरची फाइल उघडली. "तुम्ही मला काहीही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "लाइन किती वाजता मोकळी असते ते मात्र ऐकून जा."

फडाच्या दिवशी दुपारी मिरजेत बाबालालला गादीसकट ट्रॉलीवर ठेवला. पुढं मुकादम लाल निशाण घेऊन बसला. साहेबांची छत्री मी धरली. ढकलायला दोन गँगमन आले होते, पैलवानानं त्यांना बाजूला केलं. "म्या एकटा नेतो."

तो धावत नव्हता, पण थांबतही नव्हता. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. ट्रॉली इतकी सरळ चालली होती की बाबालालच्या अंगावरची चादर हलत नव्हती. दोन्ही बाजूंना उसाचे मळे, हळदीची रानं. बाबालाल मान वळवून वळवून बघत होता. बांधावरची एक बाई खुरपं हातात घेऊन उठून उभी राहिली. "आवं, कोन सायब हाय का?" तिनं विचारलं.

"व्हय," पैलवान म्हणाला. "मोटा सायब हाय."

सांगली स्टेशनात पोचलो तेव्हा स्टेशनमास्तर आमच्याकडे पाठ करून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. चार हमाल मात्र बाज घेऊन आमच्याच जागी थांबलेले. ते कोणी पाठवले, हे हमालांनी सांगितलं नाही.

फडात आखाड्याच्या अगदी कडेला बाज ठेवली. हलगी वाजत होती. बाबालालनं मूठभर लाल माती मागितली आणि ती दोन्ही दंडांना चोळली. मग त्यानं प्रत्येक कुस्तीला नावं ठेवायला सुरुवात केली. "ते बघ, डावा पाय आधी टाकतंय. तूबी तसाच टाकायचास."

"आन् तू मान वाकडी धरायचास," पैलवान म्हणाला.

एवढ्यात कोणा म्हाताऱ्यानं बाबालालला ओळखलं आणि पंचांच्या कानात सांगितलं. हलगी थांबली. पंच आखाड्याच्या मधोमध येऊन मोठ्यानं म्हणाले की मिरजेचे बाबालाल पैलवान आज आपल्यात आले आहेत. लोक उठून उभे राहिले. तिथवर ठीक होतं. पण पंच पुढं म्हणाले, "आणि त्या ऐतिहासिक कुस्तीत ज्यांनी यांना चीत केलं, ते जोती पैलवानही इथंच आहेत." हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पैलवानाची मान खाली गेली. एवढा थोरला माणूस बाजेच्या आड लपायला बघत होता. बाबालालनं त्याचं धोतर धरून ओढलं.

"टाळी घे रं," तो म्हणाला. "न्हाईतर माझं हारनं फुकट जाईल."

पैलवान उभा राहिला. त्यानं लोकांकडे पाहिलं नाही. खाली वाकून त्यानं बाबालालच्या पायांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग दोघांनी संध्याकाळपर्यंत कुस्त्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीनं बाबालाल मिरजेला गेला. मुकादमाची नोकरी राहिली. त्यानंतर पैलवान माझ्याकडे अर्ज लिहायला आला नाही, मीही विचारलं नाही. शुक्रवार चालू होते. श्रावणात बाबालालला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. पैलवानानं खांदा दिला, कबरीवर मूठभर माती टाकली आणि पावसात पायी परत आला. पुढच्या शुक्रवारी तो घरीच होता. गल्लीतल्या काकूंना कोणीतरी खरं सांगितलं, तेव्हा त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी केव्हातरी ती योजना एकदाची वरून खाली आली. पॅसेंजर सुरू झाली. इंजिनाला केळीचे खुंट बांधले, बँड वाजला. ज्या वकिलांकडे सायकली होत्या त्यांनी भाषणं केली. गोड बोलणाऱ्या साहेबांनी जनतेच्या धीराचं कौतुक केलं. मी सगळीकडे पैलवानाला शोधत होतो. तो कुठं दिसला नाही.

गाडी सुटल्यावर मी गोठ्यात गेलो. तो दूध काढत बसला होता. मी आलेलं त्याला कळलं, पण तो उठला नाही.

"गेली का?" त्यानं विचारलं.

"गेली."

"भरून?"

"पाय ठेवायला जागा नव्हती. दवाखान्याची माणसं होती, बायका होत्या, म्हातारीकोतारी होती."

"बरं झालं," तो म्हणाला. "लोकांची लय अडचन व्हती."

कासंडी भरत आली होती. तो धार काढत राहिला. थोड्या वेळानं त्यानं न बघताच विचारलं, "मास्तर, आज वार कंचा?"

"शुक्रवार."

"व्हय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या म्हशीखाली जाऊन बसला.